सतरा वेळा ‘भागतंय’

डायना काकी दिवसातून सतरा वेळा ‘भागतंय’ म्हणते. हे आजवर कुणी मोजलं नव्हतं. सँड्राने मोजलं. शाळेने सांगितलं म्हणून मोजलं, आणि मोजता मोजता तिची झोप उडाली.

वसईतल्या नंदाखालला चर्चपासून आत वळलं की केळीच्या वाडीतून एक पायवाट जाते. तिच्या टोकाला दोन घरं. एकात सँड्रा, तिची आई ज्युली आणि वडील. दुसऱ्यात सँड्राची थोरली काकी डायना, एकटी. मध्ये सामाईक अंगण. अंगणाच्या कडेने सोनचाफ्याची सात झाडं. आताची कलमी, बुटकी नव्हेत. बियांपासून वाढलेली, जुनी, कौलांवरून पलीकडे डोकावणारी. लग्न होऊन आली त्या वर्षी काकीने स्वतःच्या हाताने लावलेली.

रोज पहाटे काकी शिडी लावायची, चाफा तोडायची, केळीच्या पानात बांधायची आणि टेम्पोवाल्याकडे द्यायची. तीस वर्षं. मग गेल्या ऑक्टोबरात शिडी सरकली. काकी पडली. उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, पण हात आता खांद्याच्या वर जात नाही.

“मग झाडं काय शोभेला ठेवू?” काकी म्हणाली. “ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी कामण गावचा करवतवाला येतोय. सातही काढून टाकते. कलमं लावीन नाहीतर नाही लावीन. बघू.”

घरात सगळ्यांना पटलं. सँड्राला नाही पटलं. पण तिला विचारतंय कोण?

सँड्राला कुणी हुशार म्हणत नसे. विज्ञानात काठावर पास, गणितात काठाच्याही अलीकडे. वस्तू उघडून बघायचा मात्र भारी नाद. टॉर्च उघडली, इस्त्री उघडली. मिक्सर उघडला त्या दिवशी ज्युली तिच्यावर लाटणं घेऊन धावली होती.

“उघडलास ना? आता वाटण काय तुझ्या डोक्यावर वाटू?”

दिवाळीनंतर, नववीच्या दुसऱ्या सत्रात, पर्यायी विषय निवडायची वेळ आली. एका बाजूला आणखी एक भाषा, तिचं व्याकरण. दुसऱ्या बाजूला शाळेने नवाच सुरू केलेला ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’. मुलं त्याला डीटी म्हणायची. वर्गातला पहिल्या नंबराचा ग्लेन म्हणाला, “डीटी म्हणजे डोकं टाका. ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी आहे तो.”

सँड्राने डीटी घेतला. व्याकरणापेक्षा काहीही बरं, एवढाच हिशेब.

विषय शिकवायला संग्राम सर. मूळचे कराडकडचे, राहायला विरारला मनवेलपाड्यात. शाळेत येण्याआधी दहा वर्षं कारखान्यात साचे बनवायचे. पहिल्या तासाला ते पुस्तक न घेता आले. हातात स्टीलचा पेला होता.

“ह्यात काय चूक आहे?”

सगळ्यांनी पेला बघितला. चूक काहीच नव्हती. घरोघरी असतो तसा पेला.

सरांनी थर्मासमधला चहा पेल्यात काठोकाठ ओतला. ग्लेनचा चुलतभाऊ जॅक्सन पहिल्या बाकावर होता. “धर,” सर त्याला म्हणाले.

“आई गं!” जॅक्सन ओरडला. वर्ग हसला.

“आता सांग, चूक काय?”

“सर, भाजतंय!”

“रोज भाजतंय. तुमच्या आजोबांना भाजलं, बापाला भाजलं, तुम्हाला भाजतंय. पेला काय बदलला नाय. का? विचारा घरी जाऊन. काय म्हणतील?”

मागून कुणीतरी म्हणालं, “भागतंय ना सर, काठाला धरायचं.”

“आलं!” सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहिला. भागतंय. “पोरांनो, हा शब्द जिथं ऐकू येईल तिथं आपलं काम आहे. माणूस रोज भाजून घेतो आणि म्हणतो, भागतंय. रविवारी घरातल्या एका माणसाच्या मागं फिरा. किती वेळा म्हणतो ते मोजा. कशाबद्दल म्हणतो ते लिहा.”

सँड्रा घरी आली ती पळतच. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली आणि ती वही घेऊन काकीच्या मागे लागली. खिडकीची कडी तुटलेली, नाडीने बांधलेली: भागतंय. नळ गळतो, खाली पातेलं: भागतंय. पिठाच्या डब्याचं झाकण सैल, वर दगड: भागतंय. चष्म्याची दांडी, घड्याळाचा काटा, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार. दुपारपर्यंत अकरा झाले. संध्याकाळी सोळा.

“काय गं हे? पोलीस झालीस का?” काकी वैतागली.

“काकी, खांदा कसा आहे?”

“भागतंय.”

सतरा.

सँड्राने वहीकडे बघितलं. मग झाडांकडे. सगळं घर तिला एकदम वेगळं दिसायला लागलं. जिथे बघावं तिथे नाडी, दगड, पातेलं. जिथे बघावं तिथे काम! आणि सातही झाडं त्या सतराव्या शब्दाला टांगलेली.

रात्री जेवताना ती आईला म्हणाली, “मी काकीला खालून चाफा तोडायची काठी बनवणार. शिडीच नको.”

“आंब्याचा झेला आहे की.”

“झेल्याने फूल चुरगळतं. डाग पडतो. टेम्पोवाला घेत नाही.”

“आणि तू बनवणार? मिक्सर अजून आवाज करतोय.”

पहिली काठी जानेवारीत तयार झाली. बघण्यासारखी होती! लांब बांबू. टोकाला कात्री. कात्रीला सायकलच्या ब्रेकची तार, तार खालपर्यंत आलेली, मुठीशी ब्रेकचा दांडा. दांडा दाबला की वर कात्री चालायची आणि फूल खालच्या जाळीच्या डब्यात पडायचं. शाळेच्या प्रदर्शनात सँड्राने जास्वंदीवर प्रयोग करून दाखवला. टाळ्या पडल्या. ग्लेन दोनदा येऊन ब्रेक दाबून गेला. काही बोलला नाही. ते सँड्राला टाळ्यांहून गोड लागलं.

ती काठी खांद्यावर टाकून ती घरी आली, थेट काकीच्या दारात.

काकीने काठी हातात घेतली. वर-खाली बघितली. ब्रेक दाबला. “अरे वा. छान आहे गं.” मग म्हणाली, “भागेल.”

सरांनी दिलेल्या कागदावर एक चौकट होती, ‘वापरणाऱ्याचं मत’. काकीने तिच्यात गोल अक्षरांत लिहिलं: छान आहे. आशीर्वाद.

आठवड्याने सँड्रा शाळेतून येत होती. अंगणात दोन खांबांच्या मध्ये तिची काठी आडवी बांधलेली. तिच्यावर काकीचे दोन गाऊन, एक टॉवेल आणि उशीचा अभ्रा. कात्रीला मोजे लटकत होते.

ती तशीच उलट फिरली, सायकल काढली आणि शाळेत परत गेली. सर कार्यशाळेला कुलूप लावत होते.

“सर, काकी माझ्या काठीवर कपडे वाळत घालतेय!”

सर एवढ्या जोरात हसले की हातातली किल्ली पडली. “म्हणजे लांबी बरोबर आहे! चल, एक गोष्ट तरी जमली.”

“सर!”

“बस. सांग. काकींना काय काय विचारलं होतंस?”

सँड्राने वही काढली. “फूल कसं तोडता? तर म्हणाली, हाताने. त्रास कुठे होतो? म्हणाली, भागतंय.”

“किती वाजता विचारलंस?”

“शाळा सुटल्यावर. चार वाजता.”

“काकी चाफा चार वाजता तोडतात?”

सँड्राने वहीतली वेळ पुन्हा बघितली.

“पहाटे जा,” सर म्हणाले. “आणि तोंड बंद ठेव. विचारू नको. माणसाला जे रोज जमतं ते त्याला सांगता येत नाय. बघ नुसतं.”

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. काकी आता फक्त खालच्या फांद्यांवरची फुलं तोडायची, पायरीएवढ्या स्टुलावर चढून, डाव्या हाताने. वरची फुलं झाडावरच वाळून गळून पडत. पाच वाजता सँड्रा अंगणात येऊन ओट्यावर बसली. पहिल्या दिवशी डास चावले. दुसऱ्या दिवशीही तेच. काकी म्हणाली, “तुला काय प्रायश्चित्त दिलंय का फादरने?”

तिसऱ्या दिवशी सँड्राच्या लक्षात आलं, की तोडताना काकी फुलाकडे बघतच नाही. खाली उभी राहून ती आधी मान वर करते. उजाडायच्या आधीचं आभाळ फिकट असतं, त्यावर कळी काळी दिसते. कुठली आज उमलणार, हे तिला जाडीवरून कळतं. मग ती चढते, आणि फांदीत हात घालून, न बघता, चाचपून तोडते.

चौथ्या दिवशी तिला आवाज ऐकू आला.

टक्.

बारीक. बोटं मोडल्यासारखा. प्रत्येक फुलाला एकदा. टक्. टक्.

कापल्याचा नव्हता तो आवाज. ओढल्याचाही नव्हता. सँड्रा उठून स्टुलाच्या अगदी जवळ गेली. काकीचा अंगठा देठावर टेकायचा, बोट मागून आधार द्यायचं आणि देठ अंगठ्याच्या नखावर मोडायचा.

नख!

काकीच्या दोन्ही अंगठ्यांची नखं वाढलेली. बाकीच्या आठ बोटांची कापलेली, चकचकीत. सँड्राने ती नखं जन्मापासून बघितली होती. बघितली काय, खाल्ली होती. लहानपणी मिस्सात बोललं की ह्याच नखाचा चिमटा दंडाला बसायचा. चंद्रकोर उमटायची. आणि हे नख असं का, हे तिने चौदा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. काकीनेही सांगितलं नव्हतं. काकीला वाटायचं, हाताने तोडते म्हणजे हाताने तोडते. त्यात सांगायचं काय?

“काकी! तू कापत नाहीस! तू मोडतेस!”

काकी स्टुलावरच दचकली. “आता मी मोडेन, परत पडून! ओरडतेस काय!”

पण सँड्रा अंगणात नव्हतीच. ती दप्तर आणायला धावली होती.

पुढचे तीन आठवडे डीटीची कार्यशाळा हेच तिचं घर झालं. कात्री गेली. तार गेली, ब्रेक गेला. सरांनी पहिली काठी काट्यावर टाकली होती: चौदाशे ग्रॅम. “दहा फुलं तोडली की चांगला खांदासुद्धा रडेल,” ते म्हणाले. बांबूच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी आली. तिची लांबी सँड्राने झाड मोजून ठरवली होती. सरांनी ती खोडली.

“झाड मोजू नको. काकी मोज. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाय. तिथून वर जे राहील ती काठी.”

सँड्राने काकीला भिंतीला टेकवून उभं केलं, खडूने खांद्याची रेघ मारली. ती रेघ अजून भिंतीवर आहे.

मग नख. सगळं त्या नखावर अडलं. आधी शॅम्पूच्या बाटलीचं प्लास्टिक कापून केलं. ते वाकलं. मग पत्र्याचं केलं. त्याने देठ चिरला आणि फूल दुपारी काळं पडलं. लाकडाचं फुटलं. प्रत्येक प्रयोग वहीत लिहायचा, असा सरांचा नियम. कशाचं केलं, कितव्या फुलाला हरलं, का हरलं. वहीत हरण्याची पानं वाढत गेली. गंमत म्हणजे सँड्राला ती पानं आवडायला लागली. कुठल्याच विषयात तिच्या चुकांना कुणी ‘पुढे काय?’ असं विचारलं नव्हतं. लाल रेघ मारायचे आणि वही परत द्यायचे.

एका दुपारी ज्युली नारळ खवत होती. करवंटी सँड्राच्या पायाशी येऊन थांबली. सँड्राने ती उचलली. कडेवर अंगठा फिरवला. कडक. पण पत्र्यासारखी धारदार नाही. वाकत नाही, चिरत नाही.

“मम्मी, ही मला दे.”

“घे की. त्यात विचारतेस काय?”

“दुसरी पण दे.”

“अगं, अजून खवायची आहे!”

पॉलिश पेपरवर घासून घासून तिने करवंटीचं नख केलं. अंगठ्याएवढं, काकीच्या नखासारखंच गोल. समोर बोटासारखा रबराचा आधार, मध्ये देठ सरकेल एवढी फट. काठी देठाला अडकवून मनगट थोडं फिरवलं आणि खाली ओढली.

टक्!

कार्यशाळेत सगळे थांबले. जॅक्सन म्हणाला, “काय वाजलं?”

“काकीचा अंगठा,” सँड्रा म्हणाली.

राहिलं फूल झेलणं. जाळीत पडून पाकळी दुमडायची. त्याला हवा होता कापडाचा बोगदा, गुळगुळीत, टोकापासून खालच्या पिशवीपर्यंत. फूल घसरत यावं, आपटू नये. सुती कापडात ते अडकलं. सँड्राने कपाट उघडलं. वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, तिने लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला घातलेला फ्रॉक होता. त्याला आतून साटिनचं अस्तर. पांढरं, सुळसुळीत.

ज्युलीने तिला कात्रीसकट पकडलं.

“अगं देवा! तो मी तुझ्या मुलीसाठी ठेवलाय!”

“मुलगी व्हायला वेळ आहे, मम्मी. करवतवाला सोमवारी येतोय.”

ज्युलीने वळून बघितलं. खिडकीबाहेर सात झाडं होती. तिने फ्रॉक हातात घेतला, उलटा केला आणि स्वतःच टीप उसवायला लागली. “मापात काप. वरचा झगा मला तसाच हवा.”

नवी काठी सहाशे ग्रॅमची झाली. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी दुपारी सँड्राने ती काकीकडे नेली. ह्या वेळी तिने काहीच सांगितलं नाही. सरांनी तसं बजावलं होतं: “वस्तूने स्वतः बोलावं. तू बोललीस तर मार्क कापीन.”

काकी पुरण शिजवत होती. “ठेव तिथे,” एवढंच म्हणाली.

रविवारी ईस्टर. घरात पाहुणे, गडबड, वाइनचे ग्लास. काठी ठेवली होती तिथेच, दाराच्या मागे. सँड्राने दिवसभरात आठ वेळा जाऊन बघितली. निदान तिच्यावर कपडे तरी नव्हते.

सोमवारी तिला मोटारसायकलच्या आवाजाने जाग आली. खिडकीतून बघितलं. करवतवाला आला होता. मागच्या सीटला पेट्रोलवर चालणारी करवत बांधलेली. सँड्रा अनवाणी धावली.

अंगणात काकी चाफ्याखाली उभी होती. मान वर, दोन्ही हात छातीशी, हातात काठी. कोपर खांद्याच्या खाली.

टक्. पांढऱ्या अस्तरातून काहीतरी सुळकन खाली आलं. टक्. टक्. काकीच्या पायाशी टोपली होती, निम्म्याहून जास्त भरलेली.

करवतवाल्याने घसा खाकरला. “आंटी, कुठल्या झाडापासून सुरू करू?”

“थांब रे जरा. मोजणी चुकते,” काकी मागे न बघता म्हणाली. टक्. मग तिने काठी खाली घेतली आणि त्याच्याकडे बघितलं. जणू हा इथे कशाला आलाय तेच तिला आठवत नव्हतं. मग आठवलं.

“ती बघ. डावीकडची आडवी फांदी. तेवढी छाट. काठी अडकते तिला.”

“आणि झाडं?”

“झाडांना काय झालंय?”

काकीने सँड्राला बघितलं मात्र, काकीच्या कपाळावर आठी पडली.

“इकडे ये तू. हे काय केलंयस? नख बोथट झालं तुझं, शंभर फुलांत. दुसरं कर. आणि मूठ घामाने सरकते. पिशवी भरली की एका बाजूला ओढते. अस्तर दवाने भिजलं की चिकटतं, मग फूल मध्येच राहतं. आणि वापरणारी डावखुरी असली तर? मी आता डावीच आहे, तुला माहीत आहे ना? नळी सकाळी हाताला गार लागते—”

“थांब, काकी! थांब!”

सँड्रा घरात धावली, वही घेऊन आली आणि ओट्यावर बसून लिहायला लागली. काकी आणखी सांगतच होती. ‘वापरणाऱ्याचं मत’ ही चौकट केव्हाच भरली. ती पानाच्या मागे गेली. छान आहे, आशीर्वाद, ह्यातलं काहीच नव्हतं. वाकडं, गार, बोथट, चिकट, एवढंच होतं. भागतंय एकदाही नव्हतं.

“मम्मी!” ती घराकडे तोंड करून ओरडली. “नऊ तक्रारी! काकीने नऊ तक्रारी केल्या!”

ज्युली दारात आली. हातात चहाचा स्टीलचा पेला, काठाला धरलेला. “बोलणी खाऊन नाचणारी पोरगी आज पहिल्यांदा बघतेय मी.”

करवतवाल्याने फांदी छाटली. ती फुलांसकट अंगणात पडली. काकी पुन्हा झाडाखाली गेली, काठी वर केली आणि मग काहीतरी आठवून थांबली.

“दहावी लिही गं.”

“सांग!”

“ह्या काठीवर कपडे वाळत घालता येत नाहीत.”